वाचकांचे प्रश्न : सोसायटीचा ग्रुप, रात्रीचे वाद आणि मतदार

निवडणूक जाहीर झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय पालटतो. एरवी सातबारा, वारसनोंद आणि सोसायटीतले पार्किंग यांविषयी विचारणारे वाचक आचारसंहिता, फॉरवर्ड आणि ग्रुपवरची भांडणे यांविषयी विचारू लागतात. या वेळी निवडलेल्या पत्रांत समाजमाध्यमांवरची चर्चा आणि निवडणुकीतला प्रत्यक्ष सहभाग यांचा एकमेकांत गुंतलेला विषय आहे. उत्तरे मुख्यतः लोकसभा आणि विधानसभा निवडणुका डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. महापालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथले काही नियम निराळे असतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन आहे. पाणी, लिफ्ट आणि मेंटेनन्स यांसाठी काढलेल्या या ग्रुपवर आता दिवसभर प्रचाराची चित्रे आणि उमेदवारांवरची शेरेबाजी चालते. ‘ग्रुपवर काही आक्षेपार्ह पडले तर पोलीस आधी ॲडमिनला उचलतात’, असे एका सभासदाने सांगितल्यापासून मी धास्तावलो आहे. यात तथ्य किती?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : फारसे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी दिलेला निकाल आपल्याला धीर देईल. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातले होते. ग्रुपमधल्या एका सभासदाने त्याच ग्रुपमधल्या एका महिलेविषयी अश्लाघ्य भाषा वापरली; ॲडमिनने त्याला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. न्यायालयाने तो रद्द केला. सभासदाला ग्रुपमध्ये घेणे आणि काढणे यापलीकडे ॲडमिनच्या हाती फारसे काही नसते, संदेश पडण्याआधी तो तपासण्याची सोय त्याच्याकडे नसते, आणि दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुराची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

मात्र हे संरक्षण ॲडमिनपणापुरते आहे. आपण स्वतः एखादा मजकूर पुढे पाठवला तर आपण इतर कोणत्याही पाठवणाऱ्यासारखेच जबाबदार ठरता. उमेदवाराच्या खासगी चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी, खोटे आहे हे ठाऊक असताना, निकालावर परिणाम व्हावा म्हणून केलेले विधान भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा आहे. निवडणुकीच्या निमित्ताने धर्म, जात किंवा भाषा यांच्या आधारे वैर पसरवण्यासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. उमेदवाराच्या धोरणावर, कारभारावर किंवा पक्षांतरावर कडक टीका करणे यांपैकी कशातच बसत नाही, हेही लक्षात असू द्या. कारण घाबरलेले ॲडमिन बहुधा नेमकी हीच चर्चा आधी बंद पाडतात.

मतदान संपण्याच्या वेळेआधीचे अठ्ठेचाळीस तास हा वेगळा विषय आहे. त्या काळात निवडणूकविषयक मजकूर जनतेला दाखवण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६ मनाई करते. पण कलमाची भाषा चित्रपट, दूरचित्रवाणी ‘किंवा तत्सम उपकरण’ अशी, फोन खिशात येण्याच्या आधीच्या काळातली आहे. म्हणून २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी समाजमाध्यम कंपन्यांनी एक ऐच्छिक संहिता मान्य केली आणि या कलमाचा भंग करणाऱ्या मजकुराविषयी भारत निवडणूक आयोगाने कळवल्यास तीन तासांत कार्यवाही करण्याची हमी दिली. सोसायटीच्या बंद ग्रुपवर कोणी त्या काळात पहारा ठेवत नाही. तरी त्या दोन दिवसांपुरते ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ हे सेटिंग लावले तर कोणाचे काही बिघडणार नाही आणि टाकी कधी धुणार हे विचारणाऱ्यांना उत्तरही सापडेल.

एरवी राजकारणावर सरसकट बंदी घालण्याचा फतवा काढू नये, असे मला वाटते. निवडणुकीच्या गप्पांसाठी दुसरा ग्रुप काढा, ज्याला यायचे तो येईल. एकाच जिन्यावरून रोज जा-ये करणारी माणसे निदान एकमेकांना ओळखतात आणि एकाच मतदारसंघात मत देतात. अनोळखी नावांशी चालणाऱ्या वादांना हा गुण नसतो.

प्रश्न : माझे वय बावीस आहे. वाहिन्यांवरच्या रात्रीच्या चर्चा संपल्या की मी एक्सवर आणि इन्स्टाग्रामवर तासन् तास वाद घालतो, मुद्दे मांडतो, खोडतो. वडील म्हणतात, तोंडची वाफ दवडतो आहेस. माझ्या मते हाही लोकशाहीतला सहभागच आहे. आपण कोणाच्या बाजूने?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तत्त्वापुरता मी आपल्या बाजूने आहे आणि तपशिलात आपल्या वडिलांच्या.

आधी तत्त्व. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि तो मजकूर केवळ ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या कलम ६६ अ चा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. आज आपण रात्री निर्धास्तपणे लिहिता, त्यामागे पालघरच्या त्या प्रकरणाचाही वाटा आहे. म्हणून समाजमाध्यमांवरच्या चर्चेला मी रिकामटेकडेपणा म्हणणार नाही.

आता तपशील. आपण वाद कोणाशी घालता, हे एकदा मागे जाऊन पाहा. समोरचा बहुतेक वेळा आपल्या मतदारसंघातला नसतो, कित्येकदा राज्यातलाही नसतो, आणि प्रत्येक पक्षाकडे असली खाती चालवणारी पगारी माणसे असतात. अशा माणसाला आपण निरुत्तर केले तरी त्याने कोणाला जाब द्यायचा नसतो. ज्याने जाब द्यायचा असतो तो उमेदवार मात्र आपल्याला ओळखतही नाही. चर्चेचा आणि मतदानाचा सांधा आपोआप जुळत नाही, हे आकड्यांतही दिसते. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीरमध्ये ते ८४ टक्क्यांच्या पुढे गेले आणि मुंबईतल्या कुलाब्यात ४५ टक्क्यांच्या आतच राहिले. कुलाब्यात फोनची किंवा इंटरनेटची टंचाई आहे, असे कोणी म्हणणार नाही. (शहरांतल्या याद्यांत घर सोडून गेलेल्यांची नावे वर्षानुवर्षे राहतात, त्यामुळे टक्का खरा असतो त्याहून कमी दिसतो, हेही मान्य करायला हवे. पण करवीर आणि कुलाबा यांतले अंतर तेवढ्याने भरून निघत नाही.)

आपल्या रात्रीच्या वेळातला एक तास मी वेगळ्या ठिकाणी मागतो. उमेदवारी अर्जासोबत प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ मध्ये दिलेल्या निकालांमुळे मतदाराला मिळालेला हा कागद आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ‘केवायसी’ (नो युवर कँडिडेट) ॲपवर कोणालाही वाचता येतो. त्यात उमेदवाराचे, जोडीदाराचे आणि अवलंबितांचे पाच वर्षांचे विवरणपत्रातले उत्पन्न, जमीन, घरे, सोने, वाहने, कर्जे, सरकारी थकबाकी, प्रलंबित खटले आणि शिक्षण एवढे सगळे असते. मागच्या निवडणुकीचे शपथपत्रही काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. पाच वर्षांत शेतजमीन किती वाढली, जुना खटला कुठवर आला, आधीच्या कागदात असलेली एखादी मालमत्ता नव्यात का नाही, असे प्रश्न वाहिन्यांवरच्या चर्चेतून सुचत नाहीत, ते तिथेच सुचतात. संपत्ती वाढली म्हणजे लबाडी झाली, असे मात्र लगेच लिहून मोकळे होऊ नका. जुन्या जागेचा बाजारभाव वाढला तरी आकडा फुगतो. म्हणून आकड्याखालची गट क्रमांकांची आणि खरेदीच्या तारखांची रकाने वाचावीत.

त्याच नमुन्यात उमेदवाराला स्वतःची समाजमाध्यमांवरची खातीही जाहीर करावी लागतात. आपला प्रश्न त्या खात्यावर, शपथपत्रातल्या पानाचा उल्लेख करून, स्वतःच्या नावाने आणि मी या मतदारसंघाचा मतदार आहे असे सांगून विचारा. उत्तर येईलच असे नाही. पण मतदारसंघातल्या चार जणांनी एकच प्रश्न लावून धरला की प्रचारफेरीत कार्यकर्त्यांनाही त्यावर काहीतरी बोलावे लागते.

पक्षांसाठीही असाच एक कागद आहे आणि त्याची आठवण फार थोड्यांना असते. फेब्रुवारी २०२० च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्हे प्रलंबित असलेल्या व्यक्तीला उमेदवारी दिली, तर तिचीच निवड का केली आणि स्वच्छ पार्श्वभूमीचा उमेदवार का मिळाला नाही याची कारणे पक्षाने आपल्या संकेतस्थळावर, वर्तमानपत्रांत आणि फेसबुक, ट्विटरसह समाजमाध्यमांवर प्रसिद्ध केली पाहिजेत. आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण चालणार नाही. बिहारच्या निवडणुकीत याकडे काणाडोळा करणाऱ्या पक्षांना न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये १ लाख ते ५ लाख रुपयांचा दंड केला. आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराविषयीची ही कारणे पक्षाच्या पानावर आहेत का, ते शोधा. सापडली तर वाचा. सगळीकडे ‘लोकप्रिय समाजसेवक, खटले राजकीय सूडातून’ अशी एकाच साच्यातली वाक्ये दिसतील, आणि चर्चेला खरा विषय तिथे मिळेल.

वडिलांशी वाद घालण्याआधी आपले नाव यादीत आहे ना, तेही पाहून घ्या. आता वर्षातून चार अर्हता दिनांक, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात त्या तारखा, असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्यामुळे अठरा पूर्ण झाल्यावर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागत नाही.

प्रश्न : आमच्या शहरात उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलावून जाहीर चर्चा घेण्यात आली. मी सभागृहात होतो. एक उमेदवार म्हणाले, ‘पहिल्याच वर्षी कर्जमाफी देणार, असे खोटे आश्वासन मी देणार नाही.’ दुसऱ्या दिवशी ‘कर्जमाफी’ आणि ‘मी देणार नाही’ एवढे तुकडे जोडलेली काही सेकंदांची क्लिप सगळीकडे फिरू लागली. मी त्या उमेदवाराचा समर्थक नाही, तरी हे बघवत नाही. काय करावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपण समर्थक नसणे हीच आपली ताकद आहे. पहिली गोष्ट, खोडून काढण्यासाठीसुद्धा ती क्लिप पुन्हा पाठवू नका. ‘हे खोटे आहे’ अशी आपली ओळ वाटेत गळून पडते आणि क्लिप तेवढी पुढे जाते. त्याऐवजी साक्षीदाराने लिहावे तसे लिहा : चर्चा कोणत्या दिवशी, कुठे झाली, प्रश्न काय विचारला होता, पूर्ण वाक्य काय होते. आयोजकांकडे संपूर्ण चित्रण असतेच. ते जसेच्या तसे प्रसिद्ध करण्याची विनंती करा आणि त्यातली नेमकी वेळ आपल्या मजकुरात द्या. ज्या ग्रुपवर क्लिप आली त्याच ग्रुपवर हे टाका, भलतीकडे नव्हे.

तक्रारीचा मार्गही आहे. बरेच जण अशा वेळी ‘सी-व्हिजिल’ ॲप उघडतात आणि निराश होतात, कारण त्या ॲपमध्ये जागेवर काढलेले छायाचित्र किंवा चित्रण चालते, फोनमध्ये आलेली क्लिप चढवता येत नाही. पैसे वाटप, विनापरवाना फलक अशा डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टींसाठी ते आहे आणि तिथे शंभर मिनिटांत कार्यवाहीचे उद्दिष्ट असते. क्लिपविषयीची लेखी तक्रार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात माध्यम समितीकडे द्यावी, १९५० या क्रमांकावरही चौकशी करता येते. क्लिप एखाद्या पक्षाच्या अधिकृत खात्यावर असेल तर तक्रारीत ६ मे २०२४ च्या सूचनेचा उल्लेख करा : बनावट किंवा फेरफार केलेला मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढून टाकण्यास आयोगाने पक्षांना त्या दिवशी सांगितले आहे.

क्लिपखाली ‘प्रायोजित’ असे दिसत असेल तर प्रकरणाला वेगळे वळण लागते. सामान्य माणसाने स्वतःच्या खात्यावर लिहिलेल्या मताला पूर्वप्रमाणन, म्हणजे प्रसिद्धीआधी घ्यायची मंजुरी, लागत नाही, हे आयोगाने स्पष्ट केले आहे. पैसे मोजून दाखवलेल्या राजकीय जाहिरातीला मात्र ते लागते, आणि तिचा खर्च उमेदवाराच्या मर्यादेत, म्हणजे विधानसभेसाठी महाराष्ट्रात ४० लाख रुपयांत, धरला जातो. फेसबुक आणि गूगल यांच्या जाहिरात-संग्रहांत जाहिरातीचे पैसे कोणाच्या नावाने भरले, ते कोणालाही पाहता येते.

प्रश्न : ‘यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवून कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा आणि मत द्या. तुमचे मत दुसऱ्याने दिले असेल तर टेंडर व्होट मागा. केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट झाली तर फेरमतदान होते.’ हा संदेश दर निवडणुकीत येतो. खरा आहे का? आणि ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर निवडणूक पुन्हा होते, हे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : या संदेशात खऱ्याचा अंश एवढाच, की ‘चॅलेंज’ आणि ‘टेंडर’ हे दोन शब्द निवडणूक नियमांत आहेत. ४९ अ हा १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतला नियम आहे आणि तो मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे. यादीत नसलेल्यांना मत देण्याशी त्याचा संबंध नाही. चॅलेंज मतदार करत नसतो, मतदाराला केले जाते : आलेली व्यक्ती ती नव्हेच, असा आक्षेप उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी दोन रुपये अनामत भरून घेतो आणि केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. ज्याचे नाव यादीतच नाही, त्याला आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट काहीही दाखवून मत देता येत नाही. ओळखपत्र हातात आहे म्हणजे नाव यादीत आहे, असे समजून अनेक जण केंद्रावरून परत फिरतात आणि मग राग समाजमाध्यमांवर निघतो. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस उलटला की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, म्हणून निवडणूक जाहीर होताच नाव तपासावे.

टेंडर मत, म्हणजे प्रदत्त मत, खरे आहे. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर ओळख पटवून आपल्याला मतपत्रिकेवर मत देता येते, आणि तो हक्क जरूर बजावावा. ही मते वेगळ्या पाकिटात राहतात, मतमोजणीत धरली जात नाहीत. प्रकरण न्यायालयात गेले तर त्यांचा विचार होऊ शकतो. राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघाचा २००८ चा निकाल एका मताने लागला, तेव्हा न्यायालयात वाद पोहोचला तो अशाच मतांवरून. चौदा टक्क्यांचा नियम कुठेच नाही.

‘नोटा’विषयी : विधानसभा आणि लोकसभेत ‘नोटा’ पहिला आला तरी त्याच्या खालोखाल मते मिळवणारा उमेदवार निवडून येतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये साडेसत्तावीस हजारांच्या आसपास मते घेऊन ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर राहिला होता, पण त्याने निकालात फरक पडला नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घ्यायची. आपल्याला आलेला संदेश हा आदेश सगळ्या निवडणुकांना चिकटवतो.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. निवडणुकीत मला केंद्रावर काम असते. एका उमेदवाराचे भाषण मला पटले, ते मी व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवले. सहकारी म्हणतात, ताबडतोब काढा.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : सहकारी बरोबर सांगतात. राज्य कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत म्हटले आहे की कर्मचारी मतदान करू शकतो, पण आपण कोणाला मत देणार आहोत किंवा दिले आहे याचा सुगावा लागू देऊ नये; प्रचार तर करूच नये. जिल्हा परिषद सेवेसाठी १९६७ चे वेगळे नियम आहेत आणि त्यांचाही रोख तोच आहे. स्टेटस हा असा सुगावाच होय, आणि माझ्या मते प्रचाराच्या मजकुराला दिलेला अंगठाही. शिवाय जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापराविषयी परिपत्रक काढले असून ते स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. सरकारी धोरणावरची टीकाही त्यात वर्ज्य धरली आहे. हे जरा ताणलेले आहे, असे मला वाटते, पण नोकरी आपली आहे. निवडणुकीच्या कामावर नेमणूक झाल्यावर तर आपण कायद्याने आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असता. ज्या केंद्रावर आपण बोटाला शाई लावणार, तिथल्या पालकांनी आदल्या रात्री ते स्टेटस पाहिलेले असेल. टपाली मतपत्रिकेचा फोटोही कोणाला दाखवू नका. नाव कसे नोंदवावे, केंद्र कुठे आहे, ओळखपत्र कोणते चालते, हे मात्र आपण कितीही लिहू शकता.

प्रश्न : मी दुबईत नोकरी करतो, पासपोर्ट भारताचाच आहे. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निवडणुकीची चर्चा जोरात असते. ऑनलाइन मत देता येते का?
— एक वाचक, दुबई

उत्तर : येत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाने नमुना ६ अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवायचे असते, आणि मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन त्याच केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. या मतदारांना ओळखपत्र दिले जात नाही, त्यामुळे पासपोर्ट घरी विसरू नका. विमानाचे तिकीट काढण्याआधी यादीतले नाव आणि केंद्राचा पत्ता आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.